विजेचा मल्टिकुकर : उसाच्या बिलातून घ्यावा का?

हंगामाचे पहिले बिल बँकेत जमा झाले की घरोघरी खरेदीच्या याद्या निघतात. एकेकाळी या यादीत पितळी पातेली, शिलाई मशीन, सायकल असे. पुढे गॅसची शेगडी आली, मिक्सर आला. आता नाशिकच्या मेन रोडला किंवा पिंपळगावच्या एखाद्या दुकानात गेले की आणखी एक वस्तू पुढ्यात येते : विजेवर चालणारा मल्टिकुकर. आत एक भांडे, वर फिरवून बसणारे जाड झाकण आणि पुढच्या अंगाला बटणांची रांग. भात, डाळ, खिचडी, उसळ, दही, परतणे, वाफवणे, सगळे यातच होते असे दुकानदार सांगतो. तो खोटे सांगत नाही. पण पुरतेही सांगत नाही.

चांगल्यापैकी कुकर सात हजारांच्या आसपास मिळतो असे धरू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. त्या भावाने हा कुकर म्हणजे दोन टन ऊस. तोडणी-वाहतूक वजा केली तर अडीच टनांच्या घरात गेला. बारा-चौदा महिने सांभाळलेला अडीच टन ऊस स्वयंपाकघरातल्या एका ओट्यावर ठेवायचा, तर चार गोष्टी आधी पाहिलेल्या बऱ्या. आपल्या सभासद भगिनींचा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक घरी एकच येणार नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा. 'मल्टिकुकर' या एकाच नावाखाली दुकानात दोन वेगळ्या वस्तू विकायला असतात. एक म्हणजे भाताचा साधा विजेचा कुकर. याला काचेचे झाकण असते आणि आत वाफेचा दाब तयार होत नाही. तो दीड-दोन हजारांपासून मिळतो. दुसरा दाबाचा. आपले नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांनाच उकळते आणि त्यापुढे जात नाही. एवढ्या उष्णतेवर भात होतो, रवा होतो, भाजी होते. पण तुरीची डाळ मऊ व्हायला वाट पाहावी लागते आणि हरभरा, हुलगे, राजमा म्हणजे तर दिवस बुडाला! म्हणून दुकानात पहिला प्रश्न एवढाच विचारायचा : यात वाफेचा दाब धरतो का? "सगळं होतं ताई" हे त्याचे उत्तर नव्हे. झाकणाला रबरी कडे आणि वाफ सोडायची कळ आहे का, ते डोळ्यांनी पाहावे.

ही वस्तू आली कुठून, हेही थोडे सांगतो, कारण त्यात आपल्या निर्णयाला उपयोगी असे काही आहे. विजेचा आपोआप बंद होणारा भाताचा कुकर जपानात तोशिबा कंपनीने १९५५ साली बाजारात आणला. तो बनवणारे मिनामी योशितादा हे एक छोटे कारखानदार. पण भात कच्चा राहतो, करपतो की नीट होतो हे घरी दिवसामागून दिवस शिजवून पाहिले ते त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. युक्ती साधी होती. भांड्याच्या बाहेर दुसरे भांडे आणि त्यात मोजून पाणी. वीसएक मिनिटांत ते पाणी आटले की उष्णता चढते, धातूची दुहेरी पट्टी वाकते आणि बटण सुटते. दाबाच्या भांड्याची कल्पना याहून जुनी, १६७९ सालची, डेनिस पापँ या फ्रेंच माणसाची. आपल्या देशात हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही नावे १९५९ च्या सुमारास आली. त्यानंतर शिट्टीचा कुकर आपल्या घरात असा काही रुळला की तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिकच्या भांडीबाजारातही तो हंड्या-कळशांच्या शेजारी जाऊन बसला.

या दोन वस्तूंचा संकर म्हणजे आजचा दाबाचा विजेचा कुकर. त्याला जगभर नाव मिळाले ते कॅनडातल्या ओटावा शहरात रॉबर्ट वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली विकायला काढलेल्या 'इन्स्टंट पॉट'मुळे. अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी तो फार लवकर उचलला. टेक्सासमध्ये राहणाऱ्या उर्वशी पित्रे यांचे, या कुकरात भारतीय पदार्थ कसे करावेत असे इंग्रजी पुस्तक २०१७ साली निघाले आणि खूप खपले. तिकडे नवरा-बायको दोघेही नोकरीवर, घरात तिसरे माणूस नाही, आणि तिकडच्या शेजाऱ्यांना शिट्टीचा कुकर म्हणजे बॉम्ब फुटतो की काय असे वाटायचे. तिथे या वस्तूने मोठीच गरज भागवली. आपल्याकडे मात्र दाबाखाली शिजवणे ही काही नवी गोष्ट नव्हती. शिट्टीचा कुकर घरोघरी होताच. म्हणून अमेरिकेतल्या भाचीने व्हिडिओ कॉलवर दाखवला आणि तिला तो फार आवडतो, हे आपण घेण्याचे कारण होऊ शकत नाही. तिची अडचण वेगळी, आपली वेगळी.

आणखी एक. हा कुकर बनवणाऱ्या मूळच्या कंपनीने जून २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे धंदा दुसऱ्यांच्या हाती गेला. वस्तू वाईट होती म्हणून नव्हे. एकदा घेतलेला कुकर वर्षानुवर्षे चालतो, दुसरा कोण घेणार? आपल्यासाठी यातला मुद्दा एवढाच की कंपनी कितीही मोठी असली तरी पाच वर्षांनी तिचे रबरी कडे निफाडला किंवा दिंडोरीला मिळेल का, ते आज विचारावे. शिट्टीच्या कुकरची गास्केट लासलगावच्या आठवडे बाजारातही मिळते. ही फार मोठी सोय आहे. ती असेपर्यंत तिची किंमत कळत नाही.

आता पैशाकडे वळू. "गॅस वाचतो" हे वाक्य प्रत्येक जण ऐकवतो. वाचतो किती?

पाच माणसांचा वरण-भात धरा. अर्धा किलो तांदूळ, पाव किलो डाळ, दीड लिटर पाणी. एवढे सगळे तापवून दाबापर्यंत न्यायला आणि शिजवायला विजेच्या कुकरात पाव ते एक तृतीयांश युनिट लागते. हे भांडे चारी बाजूंनी बंदिस्त असते, त्यामुळे उष्णता फारशी बाहेर जात नाही. एकदा दाब आला की तो अधूनमधूनच वीज घेतो. तोच स्वयंपाक गॅसवर शिट्टीच्या कुकरात केला तर साधारण ४० ग्रॅम गॅस जातो, कारण शेगडीची निम्म्याच्या वर-खाली उष्णता भांड्याला मिळते, उरलेली बाजूने निघून जाते. आता भाव लावा. समजा १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांना पडला, तर ४० ग्रॅम गॅसचे अडीच रुपये झाले. समजा विजेचे युनिट सर्व आकार धरून ८ रुपयांना पडले, तर ०.३ युनिटचे २ रुपये ४० पैसे. म्हणजे सारखेच! आपल्या घरची पावती आणि आपले वीजबिल घेऊन हाच हिशोब पुन्हा करावा, आकडे थोडे इकडेतिकडे होतील. युनिट पाच रुपयांना पडत असेल तर दर स्वयंपाकामागे रुपयाभर वाचेल, बारा रुपयांना पडत असेल तर रुपयाभर जास्त जाईल.

वीजबिलाच्या बाबतीत एक गोम आहे. घरगुती वीज टप्प्यांनी आकारली जाते : पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. दोन वेळ कुकर चालवला तर महिन्याला १८ च्या आसपास युनिटे वाढतात. ही वाढलेली युनिटे बिलाच्या शेवटाला जाऊन बसतात, म्हणजे आपल्या घरच्या सर्वांत महाग दराने मोजली जातात. ज्याचे बिल ७० युनिटांचे त्याला कुकर स्वस्तात पडला. ज्याचे ९५ चे, त्याची बहुतेक युनिटे वरच्या टप्प्यात गेली. सरासरी दर पाहून हिशोब करणारा इथे फसतो.

आणि धरा, दर वेळी एक रुपया खरोखरच वाचला. दोन वेळचे दोन रुपये, वर्षाचे ७३०. सात हजार वसूल व्हायला साडेनऊ वर्षे लागतील. एकच वेळ वापरला तर एकोणीस. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून हा कुकर घेऊ नये. गॅस वाचवायचा असेल तर त्याला बिनखर्चाचा जुना उपाय आहे : कडधान्य आठ तास भिजत घालावे, कुकरला एक शिट्टी झाली की खाली उतरवून गोधडीत किंवा भुशाच्या पेटीत दाबून ठेवावा. आतल्या उष्णतेवर डाळ आपोआप शिजते. आपल्या आज्या दुधाचे, खिचडीचे भांडे याच रीतीने चुलीमागच्या राखेत ठेवीत.

छपरावर सौर पॅनेल असेल त्या घरचा हिशोब मात्र निराळा. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ज्यांनी त्यातून पॅनेल बसवले आणि महिन्याकाठी युनिटे शिल्लक राहतात, त्यांना कुकरची वीज जवळजवळ फुकटच.

आता आपल्याकडची खरी अडचण, जी नाशिक शहरातल्या माणसाला ठाऊक नसते. आपल्यापैकी निम्मे लोक गावठाणात राहत नाहीत, मळ्यात राहतात. गावठाणाचा फीडर वेगळा झाला तेव्हा गावाला वीज बरी मिळू लागली. पण वावरातल्या वस्तीचा दिवा शेतीच्याच लाइनीवर राहिला. थ्री फेज ठरल्या तासांना येते, इतर वेळी सिंगल फेजवर दिवे, पंखा, टीव्ही. त्यात संध्याकाळी सात वाजता सगळ्या वस्तीचा स्वयंपाक एकाच वेळी.

कुकरवर १००० वॅट असे लिहिलेले असते ते २३० व्होल्टला. व्होल्टेज १८० वर आले की तोच कुकर ६१० वॅटचा होतो. १६० वर आले की निम्म्याचाही राहत नाही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणून पडझड अशी जोरात होते. बारा मिनिटांत येणारा दाब मग वीस-पंचवीस मिनिटे येत नाही, आणि काही कुकर मध्येच पडद्यावर चूक दाखवून बंद पडतात. अर्धवट शिजलेली डाळ आणि गेलेली लाइट, यापुढे कुठलेही बटण चालत नाही. शेवटी उचलायची आणि गॅसवरच चढवायची. म्हणून ज्या वस्तीवर संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो, मिक्सर कण्हतो, तिथे हा कुकर सकाळच्या कामापुरताच धरावा किंवा घेऊच नये. वायरमनकडून किंवा मोटारीच्या पॅनेलवरच्या मीटरवरून आठवडाभर संध्याकाळचे व्होल्टेज पाहून ठेवा. दोनशेच्या खाली रोज जात असेल तर विषय तिथेच संपला.

उलटाही धोका आहे. वादळात न्यूट्रल तुटला की दोन तारांमधले दाब घरात शिरतात आणि टीव्हीसकट सगळे जळते. वळवाच्या पावसात विजा चमकतात ते वेगळेच. कुकरच्या पोटात आता इलेक्ट्रॉनिक पाटी असते, तिला हे सोसत नाही. काम झाले की पिन काढून ठेवायची सवय लावावी. आणि अर्थिंग! ज्या घरात ओल्या हाताने फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येतात, त्या घराने आधी अर्थिंगचा खड्डा करावा, कोळसा-मीठ टाकून पाणी घालावे, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. त्याला कुकरच्या निम्मेही पैसे लागत नाहीत. उसाच्या बिलातला पहिला खर्च हा, कुकर नंतर. यात आम्हाला कसलीही शंका नाही. वस्तीवर उंदीर वायरी कुरतडतात, त्यामुळे कुकरची वायर लोंबकळत ठेवू नये, हेही जाता जाता.

एवढे वाचून वाटेल की लेखक कुकरच्या विरोधात आहे. तसे नाही. त्याचा फायदा पैशात मोजला की दिसत नाही, एवढेच.

वेळही तो वाचवत नाही, हे आधी कबूल करू. शिट्टीच्या कुकरात दाब सुमारे एक किलोचा, म्हणजे आतली उष्णता १२० अंशांच्या घरात. विजेच्या बहुतेक कुकरांत दाब त्याहून कमी, उष्णता ११५ च्या आसपास. शिवाय दाब यायला वेळ, उतरायला वेळ. गॅसवर वीस-पंचवीस मिनिटांत होणारे वरण इथे पस्तीस-चाळीस मिनिटे घेते. मग फायदा कशाचा? तर त्या चाळीस मिनिटांत तिथे कोणी उभे राहावे लागत नाही.

आपल्या घरातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. पाच वाजता उठून सडा, चहा, गोठ्यात शेण, धारा, दूध डेअरीला, पोरांचे डबे, सासऱ्यांच्या गोळ्या. साडेसातला द्राक्षाच्या बागेत किंवा कांद्याच्या लागणीला जायचे. यात गॅसवर कुकर लावला की कान शिट्टीकडे. गोठ्यात धार काढता काढता "किती झाल्या गं?" असे ओरडून विचारायचे, कोणी सांगतो तीन, कोणी सांगतो चार, आणि शेवटी डाळ तळाला लागते. विजेच्या कुकरात पाणी, डाळ, हळद घालून बटण दाबले की तो आपला आपण थांबतो आणि जेवण गरम ठेवतो. मोजणे बाईच्या डोक्यावरून उतरते. ज्या घरात बाईमाणूस एकटेच आहे आणि बाहेरचे कामही तिच्याच अंगावर आहे, त्या घरात याची किंमत सात हजारांपेक्षा जास्त आहे असे आम्ही म्हणू. ते कुठल्या बिलात दिसत नाही म्हणून नाही असे नाही.

म्हातारी दोघेच घरी आणि मुले पुण्या-मुंबईला, अशी घरे आता आपल्या प्रत्येक गावात आहेत. गॅस चालू राहून झोप लागणे, विस्मरण, हात थरथरणे या सगळ्यावर आपोआप बंद होणारे भांडे हा चांगला उपाय आहे. अशा घराला तीन लिटरचा पुरतो. मात्र बटणे कमी असलेला घ्यावा आणि कोणते दाबायचे तिथे रंगाचा ठिपका लावून द्यावा. नाशिकला खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांनाही तो चालतो; घरमालक गॅस ठेवू देत नाही, आणि मेसच्या महिन्याच्या पैशात कुकर कधीच फिटतो. खिचडी तरी घरची खातील.

खटल्याच्या घराला मात्र तो अपुरा. सहा लिटरचा म्हणून घेतला तरी भरायचा दोन तृतीयांश. कडधान्य आणि डाळ फुगते, फेसाळते, म्हणून ती निम्म्यापर्यंतच. म्हणजे उसळ झाली तीन लिटर. घरची दहा-बारा माणसे, त्यात बागेच्या छाटणीला किंवा कांदा काढायला आलेली माणसे, एवढ्यांना तीन लिटरात काय होणार? तिथे दहा-बारा लिटरचा शिट्टीचा कुकर किंवा चुलीवरचे पातेलेच खरे. भाकरी तर यात होतच नाही. नाशिक जिल्ह्यात बाजरीची भाकरी ज्या घरात दोन वेळ होते, तिथे तवा आणि आग लागणारच. हुलग्याचे शेंगोळे होतात, पण आधी फोडणी जोरात बसली पाहिजे आणि 'परतणे' या बटणावर ती थोडी मंदच बसते. तेल चांगले तापेपर्यंत थांबावे.

आता चुलीची गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची.

आपल्या बऱ्याच घरांत गॅस आहे, पण तो पाहुण्यांसाठी आणि चहासाठी. डाळ-कडधान्य, अंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण हे मागच्या पडवीतल्या चुलीवर. सरपण फुकट असते : तुराट्या, उसाची वाढी-पाचट, आणि आपल्याकडे एप्रिल-ऑक्टोबरच्या छाटणीतून निघालेल्या द्राक्षाच्या काड्यांचे ढीग. फुकट म्हणून जाळायचे. पण त्यांचा धूर कोणाच्या छातीत जातो? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुरामुळे जगात ३२ लाख माणसे दगावली. त्यात चुलीजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्या बाया आणि त्यांच्या कडेवरची पोरे आली. हरभऱ्याची उसळ चुलीवर तासभर शिजते. तेवढा तासभर बाई फुंकणी घेऊन धुरात. विजेचा कुकर गॅसच्या जागी आला तर घराला फार काही मिळत नाही. तो चुलीच्या जागी आला तर मात्र रोजचा एक तास धूर कमी झाला. खरेदीला जाण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारावे की हा कुकर आल्यावर कोणता विस्तव विझणार आहे. तिचे उत्तर 'गॅस' असेल तर घाई नको. 'चूल' असेल तर पुरुषमंडळींनी फार खल न करता बिलातून पैसे काढून द्यावेत.

गोबरगॅस असलेल्यांना यातले काही नको. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागते आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो. वर स्लरी उसाला. ज्यांचे संयंत्र घुमट तडकून किंवा शेण कमी पडून बंद आहे, त्यांनी सात हजार आधी तिथे घालावेत.

उसाशी नाते असलेला आणखी एक कुकर आपल्याच राज्यात झाला, तो सांगायला हवा. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या 'आरती' संस्थेने, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, उसाचे पाचट बंद भट्टीत जाळून त्याचा कोळसा करायची आणि त्याच्या कांड्या पाडायची रीत बसवली. त्याबद्दल संस्थेला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. या कांड्यांवर चालणारा 'सराई' कुकर त्यांनी काढला : स्टीलचा उंच डबा, आत एकावर एक भांडी, खाली छोटी शेगडी, आणि केवळ १०० ग्रॅम कांडीकोळशावर पाच माणसांचा वरण-भात-भाजी. पेटवून ठेवून द्यायचे, मध्ये पाहायचे नाही. वीज नको, शिट्टी नको. विजेच्या मल्टिकुकरचे सगळे गुण त्यात होते, बटणे सोडून. आता कोणी म्हणेल, मग पाचटाचा कोळसाच करावा की! तर आपल्या शेतकी खात्याचे म्हणणे वेगळे आहे आणि ते बरोबर आहे : खोडव्यातले पाचट सरीत कुजवले तर ओल टिकते, तण दबते, जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. जे नाहीतरी काडी लावून पेटवले जाते, त्याचाच कोळसा शहाणपणाचा.

घ्यायचे ठरलेच तर दुकानात काय पाहायचे? शेगडीवरच्या कुकरला आयएसआयची खूण २०२१ पासून सक्तीची आहे. तरीही ती नसलेले कुकर विकले गेले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली दोन मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड ठोठावला. तेव्हा मोबाइलवर स्वस्त दिसले म्हणून मागवू नये. विजेच्या कुकरवरही ती खूण आणि तिच्याखालचा सीएम/एल क्रमांक शोधावा. आतले भांडे स्टीलचे मिळत असेल तर तेच घ्यावे. काळ्या थराच्या भांड्यात आपल्याकडची उलथणी, तारेची घासणी आणि राख चालत नाही, आणि सहा महिन्यांत थर निघू लागतो. झाकण दुकानातच तीन वेळा लावून-काढून पाहावे, वाफेची कळ हाताने फिरवून पाहावी.

पक्की पावती घ्यावी. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून पावतीचा आग्रह धरला जातो आहे, तरी "पावती नको, दोनशे कमी करतो" या वाक्याला आपण अजून भुलतो. १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विकणारा मुंबईचा असो की दिल्लीचा, नाशिकच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. पण हातात कागद पाहिजे. 'शून्य टक्के हप्ता' असेल तर एकूण भरायची रक्कम आणि प्रक्रिया शुल्क आधी लिहून मागावे. उसाचे दुसरे बिल कधी येते ते आपल्याला माहीत आहे; हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो.

शक्य असेल तर शेजारणीचा कुकर दोन दिवस आणून आपल्या घरी, आपल्याच व्होल्टेजवर चालवून पाहावा. संध्याकाळीच पाहावा, सकाळी नको. घरातले बाकी सगळे बंद करून मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते पोरांना मोजायला बसवावे. किती लुकलुकींचे एक युनिट ते मीटरवरच छापलेले असते, कुठे १६००, कुठे ३२००. शाळेतल्या पोराला भागाकार येतोच. आपल्या घरचा खरा आकडा एका स्वयंपाकात कळतो आणि मग दुकानदाराचे काही ऐकावे लागत नाही.

वापरताना रात्री डाळ-तांदूळ भिजत घालून पहाटेचे घड्याळ लावायची सोय थंडीत चांगली. चैत्र-वैशाखात भिजलेले धान्य सकाळपर्यंत आंबते, तेव्हा ती वापरू नये. दूध आणि मटण तर असे रात्रभर कधीच ठेवू नये. रबरी कडे दर वेळी काढून धुवावे, त्याच्या खाचेत डाळ साठते आणि दाब धरत नाही. काळ्या मसाल्याचे मटण एकदा शिजवले की त्या कड्याला वास बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या एकादशीच्या भगरीला लागतो. म्हणून कुकर घेतानाच दोन कडी घ्यावीत, एक वशाटाचे आणि एक रोजचे, आणि रोजच्याला दोऱ्याची गाठ मारून ठेवावी.